जपानमधील जुन्या व्हिडिओ गेमची खरेदी

जपानमधील जुन्या व्हिडिओ गेमची खरेदी हा त्या देशातील वापरलेल्या वस्तूंच्या व्यापाराचा एक भाग असून अलीकडच्या काळात परदेशी पर्यटकांचे ते एक ठळक आकर्षण झाले आहे. प्रामुख्याने १९८३ ते २००० या काळात जपानमध्ये निघालेले कन्सोल, त्यांच्या कॅसेट, सीडी, खोकी आणि माहितीपुस्तिका या व्यापारात येतात. टोकियोतील आकिहाबारा व नाकानो, ओसाकातील निप्पोनबाशी आणि नागोयातील ओसु ही त्याची प्रमुख ठिकाणे होत. या दुकानांतील माल बहुधा अस्सल, स्वच्छ आणि प्रतवारी लावलेला असतो. तथापि तो जपानमधील वीजपुरवठा, जपानमधील दूरचित्रवाणी संच आणि जपानी भाषा वाचणारा खेळाडू गृहीत धरून बनवलेला असतो. त्यामुळे दुकानातील किंमत आणि वस्तू मायदेशी चालू करेपर्यंत येणारा खर्च यांत पुष्कळ अंतर पडू शकते.

पार्श्वभूमी

निन्टेन्डो या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हा घरगुती कन्सोल १४,८०० येन किमतीला विक्रीस आणला. जपानमध्ये तो ‘फॅमिकॉम’ या लघुनामाने ओळखला जातो. एकट्या जपानमध्ये त्याचे सुमारे १ कोटी ९३ लाख संच विकले गेले आणि त्यासाठी एक हजाराहून अधिक अधिकृत गेम निघाले. १३ सप्टेंबर १९८५ रोजी आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या जपानमध्येच ६८ लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यानंतर एनईसी कंपनीचा पीसी इंजिन (१९८७), सेगाचा मेगा ड्राइव्ह (१९८८), निन्टेन्डोचे गेम बॉय (१९८९) व सुपर फॅमिकॉम (१९९०) आणि १९९४च्या अखेरीस अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने सेगाचा सॅटर्न व सोनीचा प्लेस्टेशन असे कन्सोल एकापाठोपाठ आले. आज दुकानांत दिसणाऱ्या कॅसेटच्या ढिगांचे मूळ या खपात आहे.

जपानी भाषेत या गेमच्या प्लॅस्टिकच्या डबीला ‘कासेत्तो’ म्हणतात. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ या नावाने विकल्या जाणाऱ्या यंत्रांची मुलेही तिला ‘कॅसेट’च म्हणत. ती यंत्रे बहुतांशी फॅमिकॉमच्या अनधिकृत नकला होत्या आणि त्यांतील अनेकांची खाच फॅमिकॉमप्रमाणेच ६० पिनांची होती. एका कॅसेटमध्ये शेकडो किंवा हजारो गेम असल्याची जाहिरात करणाऱ्या, प्रत्यक्षात तेच ते गेम पुन्हापुन्हा भरलेल्या कॅसेट त्यांच्यासोबत मिळत. त्यामुळे आकिहाबारात गेलेल्या मराठी पर्यटकाला तेथील फळीवरचे बरेच गेम ओळखीचे वाटतात, फक्त त्यांची मूळ खोकी तो प्रथमच पाहत असतो.

नवे गेम महाग असणे हे वापरलेल्या गेमचा बाजार वाढण्याचे मुख्य कारण होते. सुपर फॅमिकॉमच्या उत्तरकाळात मोठ्या गेमची किंमत १०,००० येनच्या पुढे गेली. ११ मार्च १९९५ रोजी आलेल्या ‘क्रोनो ट्रिगर’ची छापील किंमत ११,४०० येन होती. शाळकरी मुलाला एवढी रक्कम वारंवार उभी करणे शक्य नव्हते. खेळून संपवलेला गेम दुकानात विकायचा आणि त्या पैशांत थोडी भर घालून दुसरा आणायचा, हा व्यवहार त्यामुळे घरोघरी रुळला. खोके आणि माहितीपुस्तिका जपून ठेवल्यास विकताना दर बरा मिळे. परदेशी ग्राहकांना आज अचंबा वाटावा इतक्या सुस्थितीत हा माल मिळतो, त्यामागे केवळ जपानी टापटीप नाही. पुनर्विक्रीचा हा हिशेबही आहे.

पुनर्विक्रीचा वाद

या बाजाराचे आजचे स्वरूप एका न्यायालयीन वादाच्या निकालावर उभे आहे. वापरलेला गेम विकला गेला की त्यातून मूळ निर्मात्याला काहीच मिळत नाही, ही गेम कंपन्यांची जुनी तक्रार होती. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा वाद टोकियो आणि ओसाका येथील न्यायालयांत गेला.

कंपन्यांचा युक्तिवाद जपानच्या स्वामित्वहक्क कायद्यातील एका तरतुदीवर आधारलेला होता. त्या कायद्यात चित्रपटाच्या निर्मात्याला ‘वितरणाचा हक्क’ दिलेला आहे. चित्रपटाच्या रिळांच्या मोजक्या प्रती एका चित्रपटगृहातून दुसऱ्या चित्रपटगृहात फिरतात आणि त्यांच्या फिरण्यावर निर्मात्याचे नियंत्रण राहावे, असा त्या तरतुदीचा हेतू होता. व्हिडिओ गेम हीसुद्धा हलत्या चित्रांची कृती आहे. म्हणून आमच्या संमतीवाचून तिची पुनर्विक्री करता येणार नाही, असे कंपन्यांचे म्हणणे होते. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने मे १९९९मध्ये दुकानदारांच्या बाजूने, तर ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. काही काळ एकाच देशातील दोन शहरांत एकाच व्यवसायाबद्दल परस्परविरोधी निर्णय उभे होते.

२५ एप्रिल २००२ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मिटवला. गेम ही चित्रपटासारखी कृती आहे आणि तिच्या निर्मात्याला वितरणाचा हक्क आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु लोकांना घरी नेण्यासाठी विकलेली प्रत एकदा कायदेशीरपणे विकली गेली की त्या प्रतीपुरता हा हक्क संपतो, असा निर्णय त्याने दिला. पुस्तक विकत घेतलेला मनुष्य ते रद्दीच्या दुकानात देऊ शकतो, तसेच गेमचेही ठरले. निकाल उलट लागला असता तर आजची दुकाने याच रूपात उभी राहिली नसती.

दुकानदारावर बंधने मात्र आहेत. जपानमध्ये वापरलेल्या वस्तूंचा व्यापार १९४९च्या कायद्यानुसार परवान्यानेच करता येतो आणि हा परवाना प्रांताचा सार्वजनिक सुरक्षा आयोग देतो. माल विकायला आलेल्याची ओळख दुकानदाराला तपासावी लागते. कमी किमतीच्या पुष्कळ वस्तूंना या तपासणीतून सूट आहे. गेमला ती नाही, कारण दुकानातून चोरलेले गेम लगेच दुसऱ्या दुकानात विकले जाण्याचे प्रकार होत असत. चोरीचा किंवा बनावट माल मोठ्या दुकानांत तुलनेने कमी आढळतो, त्याचे एक कारण हे आहे.

बाजारपेठा

आकिहाबारा हा भाग टोकियोच्या चियोदा विभागात येतो. १८६९ साली येथे मोठी आग लागली. त्यानंतर मोकळ्या ठेवलेल्या जागेत आगीपासून रक्षणासाठी एक देवस्थान उभारण्यात आले. लोकांनी ते अग्निनिवारक देव आकिबा याचे मानले आणि त्या मैदानाला त्याचे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर रेल्वेच्या उन्नत मार्गाखाली रेडिओचे सुटे भाग विकणारी लहान दुकाने आली. पुढे घरगुती विद्युत उपकरणे, १९८०च्या दशकात संगणक आणि त्यानंतर गेम व ॲनिमे असा या बाजाराचा प्रवास झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडशी त्याची तुलना सहज सुचते. रेडिओच्या सुट्या भागांची काही चिंचोळी दुकाने स्थानकाजवळ अद्याप आहेत. गेमच्या शोधात आलेले बहुतेक पर्यटक ती न पाहताच पुढे जातात, हे त्यांचे नुकसान होय.

जुन्या गेमसाठी येथील ‘सुपर पोटॅटो’ हे दुकान जगभर प्रसिद्ध आहे. एका अरुंद इमारतीच्या वरच्या मजल्यांवर ते पसरले असून सर्वांत वरच्या मजल्यावर नाणे टाकून खेळण्याची जुनी यंत्रे मांडलेली आहेत. प्रसिद्धीमुळे येथील दर इतर दुकानांपेक्षा चढे असतात, अशी जाणत्या संग्राहकांची सर्वसाधारण समजूत आहे. ‘मांदाराके’ या दुकानाची सुरुवात १९८० साली नाकानो येथे जुन्या मांगा विकण्यापासून झाली. १९६६ साली बांधलेल्या नाकानो ब्रॉडवे या संकुलात आज त्याची अनेक दालने आहेत आणि आकिहाबारातही त्याची स्वतंत्र इमारत आहे. ‘बीप’ हे आकिहाबारातील दुकान जुन्या जपानी संगणकांसाठी व त्यांच्या गेमसाठी ओळखले जाते.

ओसाकातील निप्पोनबाशीच्या विद्युत उपकरणांच्या बाजाराला ‘देन देन टाउन’ म्हणतात. नागोयातील ओसु हा भाग ओसु कान्नोन या बौद्ध मंदिराभोवतीच्या छताखालच्या गल्ल्यांचा आहे. तेथे जुने कपडे, संगणकाचे भाग आणि गेम शेजारी शेजारी मिळतात.

शहराच्या मध्यभागातील या नामांकित दुकानांहून वेगळा वर्ग म्हणजे उपनगरांत व लहान गावांत हमरस्त्यालगत असलेल्या साखळी दुकानांचा. १९९० साली जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून सुरू झालेली ‘बुक ऑफ’ आणि निइगाता प्रांतातून वाढलेली ‘हार्ड ऑफ’ या त्यांतील प्रमुख साखळ्या आहेत. आसपासच्या घरांतून जे येते तेच येथे विकले जाते, त्यामुळे मालाचा काही नेम नसतो. ज्यांच्याजवळ वेळ आहे आणि हुकमी वस्तू हवी आहे असा आग्रह नाही, त्यांना या दुकानांत अधिक लाभ होतो.

जपानी दुकानांत घासाघीस करण्याची रीत नाही; चिठ्ठीवरील किंमत हीच किंमत असते. अनेक दुकानांत छायाचित्रे काढण्यास मनाई असते. महागड्या वस्तू काचेच्या कपाटात असतात आणि त्या पाहण्यासाठी विक्रेत्याला विनंती करावी लागते.

मालाची प्रतवारी

वस्तूच्या स्थितीची माहिती किंमतीच्या चिठ्ठीवर थोडक्यात लिहिलेली असते. ही लिपी ओळखता आली तर निम्मे काम होते. ‘चूको’ म्हणजे वापरलेले. ‘हाको’ म्हणजे खोके आणि ‘सेत्सु’ हे माहितीपुस्तिकेच्या जपानी नावाचे लघुरूप. दोन्ही असल्यास ‘हाको-सेत्सु’ असे लिहितात. नुसती कॅसेट असल्यास ‘हादाका’, म्हणजे शब्दशः ‘उघडी’, असा शब्द वापरतात. ‘मिकाइफू’ म्हणजे वेष्टन न फोडलेले. यंत्र चालवून पाहिले असल्यास तशी नोंद असते. सीडीवरील गेमच्या खोक्याच्या कण्यावर एक कागदी पट्टी असते. किमोनोच्या कमरपट्ट्यावरून तिला ‘ओबी’ म्हणतात. बहुतेकांनी ती खोके उघडताच फेकून दिलेली असल्याने ती शिल्लक असली की संग्राहक जास्त पैसे मोजतात.

सर्वांत जपून वाचावा असा शब्द ‘जंकु’ होय. बंद पडलेली, न तपासलेली किंवा एखादा भाग नसलेली वस्तू या नावाखाली विकली जाते आणि ती परत घेतली जात नाही. हार्ड ऑफसारख्या दुकानांत अशा वस्तूंची खोकीच्या खोकी भरलेली असतात. त्यांतील पुष्कळ वस्तू प्रत्यक्षात चालू असतात, केवळ दुकानदाराने त्या तपासण्याची तसदी घेतलेली नसते. कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्यांवर साचलेला मळ अल्कोहोलने पुसला की बऱ्याच ‘बंद’ कॅसेट सुरू होतात. डाग देण्याचे काम येणाऱ्या माणसाला हा विभाग म्हणजे पर्वणी असते. इतरांनी तेथे कॅसेटपलीकडे जाऊ नये, हे बरे.

वय झाल्यामुळे येणारे काही दोष वरून दिसत नाहीत. ज्या कॅसेटमध्ये खेळाची प्रगती साठवली जाते, त्यांतील बहुतेकांत नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल असतो. तो संपला की गेम चालतो, पण साठवण राहत नाही. सेल बदलताना जुनी साठवणही पुसली जाते. सेगाच्या गेम गिअर (१९९०) या हातातील यंत्राचे कपॅसिटर इतके सर्रास खराब होतात, की दुरुस्ती न केलेले यंत्र चालू स्थितीत मिळणे विरळा. सुपर फॅमिकॉमचे करडे कवच पिवळे पडते. ते दिसायला वाईट, पण चालण्याच्या दृष्टीने निरुपद्रवी असते.

फॅमिकॉमचे ‘डिस्क सिस्टिम’ हे जोडयंत्र (२१ फेब्रुवारी १९८६) विशेष उल्लेखनीय आहे. त्याच्या डिस्क दुकानातील यंत्रावर ५०० येन देऊन पुसून नव्या गेमसाठी पुन्हा लिहून घेता येत. निन्टेन्डोने ही सोय २००३पर्यंत चालू ठेवली होती. परिणामी आज विकत घेतलेल्या डिस्कवरील चिठ्ठी एका गेमची आणि आत गेम दुसराच, असे घडू शकते. या यंत्राचा रबरी पट्टा कालांतराने वितळून चिकट होतो. पट्टा बदललेला आहे की नाही, हे खरेदीपूर्वी विचारावे.

किंमत प्रसिद्धीवर ठरत नाही, उपलब्ध प्रतींवर ठरते. लाखांनी खपलेले गेम नावाजलेले असूनही स्वस्त असतात. ‘क्रोनो ट्रिगर’ची उघडी कॅसेट आज मूळ किमतीच्या लहानशा अंशात मिळते. कन्सोलच्या अखेरच्या काळात, खेळाडू नव्या यंत्राकडे वळल्यावर, मोजक्या प्रती निघालेले गेम मात्र महाग असतात. फॅमिकॉमचा शेवटचा अधिकृत गेम जून १९९४मध्ये, म्हणजे सुपर फॅमिकॉम येऊन साडेतीन वर्षे उलटल्यावर आला. त्या सुमाराच्या कॅसेट दुर्मिळ आहेत.

किंमत वाढल्याबरोबर नकलाही आल्या. गेम बॉय ॲडव्हान्सच्या लोकप्रिय कॅसेटच्या नकला विशेष आढळतात. चिठ्ठीची फिकट छपाई, हलके प्लॅस्टिक आणि निन्टेन्डोच्या खास डोक्याच्या स्क्रूऐवजी साधे स्क्रू ही त्यांची सामान्य लक्षणे होत.

मायदेशी चालवताना

जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, तर भारतात २३० व्होल्टची असते. प्लेस्टेशन किंवा सॅटर्नचा वीजपुरवठा यंत्राच्या आतच असतो आणि तो १०० व्होल्टसाठी बनवलेला असतो. असे यंत्र भारतातील भिंतीवरील सॉकेटला थेट जोडल्यास जळते. विमानतळावर मिळणारा पिनबदलू फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, ही गोष्ट पुष्कळांना यंत्र गमावल्यावर कळते. त्यासाठी २३०चे १०० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. फॅमिकॉम व सुपर फॅमिकॉमचा ॲडॅप्टर यंत्राबाहेर असल्याने त्याच्या जागी योग्य व्होल्टेजचा स्थानिक ॲडॅप्टर वापरता येतो. मात्र या यंत्रांच्या पिनेत ऋण टोक मध्यभागी असते, आजच्या बहुतेक ॲडॅप्टरमध्ये ते बाहेर असते. गेम बॉयला यांपैकी काहीच अडचण नाही. तो कोणत्याही वाणसामानाच्या दुकानात मिळणाऱ्या चार पेन्सिल सेलवर चालतो.

दुसरा अडथळा चित्राचा. १९८३चा फॅमिकॉम दूरचित्रवाणीच्या अँटेनाच्या खाचेतून, जपानच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वाहिनीवर चित्र पाठवतो. या वाहिन्या ९० ते १०२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होत्या. भारतात हा पट्टा एफएम रेडिओचा आहे, त्यामुळे येथील संचावर ते चित्र सहसा लागत नाही. १९९३ साली निघालेल्या सुधारित फॅमिकॉमला चित्र व आवाजाच्या स्वतंत्र तारा जोडता येतात. म्हणून परदेशी खरेदीदाराला तो अधिक सोयीचा पडतो. जपानचे चित्र एनटीएससी पद्धतीचे, तर भारताचे पॅल पद्धतीचे असे. अलीकडचे बहुतेक संच दोन्ही ओळखतात.

युरोपातील संग्राहक जपानी आवृत्त्या शोधतात, त्यामागे हाच फरक आहे. पॅल पद्धतीत सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळा चित्र बदलते. अनेक कंपन्यांनी गेममध्ये त्यानुसार दुरुस्ती केली नाही, त्यामुळे ते युरोपात सुमारे १७ टक्के मंद गतीने चालत. त्या पिढीने लहानपणी खेळलेला गेम मूळ वेगात प्रथम पाहिला तो जपानी कॅसेटवर.

तिसरा अडथळा कंपन्यांनी मुद्दाम घातलेला आहे. फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्याच यंत्राची ७२ पिनांची आहे. सुपर फॅमिकॉम आणि त्याचे अमेरिकी रूप यांत विद्युतरचनेचा फरक नाही. कॅसेटचा आकार आणि खाचेतील प्लॅस्टिकचे दोन दाते एवढाच अडसर आहे. प्लेस्टेशन, सॅटर्न आणि ड्रीमकास्ट हे कन्सोल गेम कोणत्या प्रदेशासाठी आहे ते तपासतात आणि परका असल्यास नाकारतात. गेम बॉय, गेम बॉय कलर आणि गेम बॉय ॲडव्हान्स यांवर असे बंधन नाही. प्रथमच खरेदी करणाऱ्याला गेम बॉयपासून सुरुवात करण्याचा सल्ला दिला जातो तो याच कारणांमुळे.

भाषेचा अडसर गेमच्या प्रकारावर अवलंबून असतो. उड्या मारण्याचे, विमाने पाडण्याचे किंवा शर्यतीचे गेम एक अक्षर न वाचता खेळता येतात. कथाप्रधान गेम येत नाहीत. ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ (१९९५) हा गेम अधिकृतपणे इंग्रजीत येण्यास २०१९ साल उजाडले आणि ‘मदर ३’ (२००६) जपानीबाहेर अधिकृतपणे आलेलाच नाही. फॅमिकॉमच्या तुटपुंज्या स्मृतीत कांजी चित्रलिपी मावत नसल्याने त्याचे गेम बहुधा साध्या कानालिपीतच लिहिलेले असतात. नव्याने जपानी शिकणाऱ्याला ते वाचता येतात. अर्थ लागतोच असे नाही.

कर आणि सामान

जपानमध्ये १ ऑक्टोबर २०१९पासून उपभोग कर १० टक्के आहे. अल्प मुदतीसाठी आलेल्या परदेशी पर्यटकाला परवानाधारक दुकानात एका दिवसात किमान ५,००० येनची खरेदी केल्यास पारपत्र दाखवून करमाफी मिळते. पूर्वीच्या पद्धतीत कर दुकानातच वजा होई. १ नोव्हेंबर २०२६पासून आधी कर भरून देश सोडताना तो परत मिळवण्याची पद्धत ठरवण्यात आली आहे. भारतात परतताना सामानावरील सीमाशुल्काची मर्यादा लागू होते. २०१६च्या नियमांत जपानसारख्या देशांतून येणाऱ्यांसाठी ती ५०,००० रुपये ठरवलेली होती. मर्यादा बदलत असल्याने प्रवासापूर्वी चालू नियम पाहणे इष्ट. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या विमानात हातातील सामानातच न्याव्या लागतात. फुगलेली बॅटरी न्यूच नये.

परदेशी मागणी आणि जतन

जपानला भेट देणाऱ्या परदेशी पर्यटकांची संख्या २०१३ साली प्रथमच एक कोटीवर गेली आणि २०२४ साली ती ३ कोटी ६८ लाखांहून अधिक झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉलरच्या तुलनेत येनचा दर १९८६नंतरच्या नीचांकावर होता. परदेशी ग्राहकाच्या दृष्टीने सर्वच माल स्वस्त झाला, जपानी ग्राहकाच्या दृष्टीने तो महागला. आकिहाबारातील काही दुकानांत सूचना इंग्रजीत व चिनीत लागल्या; एकेकाळी खोक्यांत पडून असलेल्या कॅसेट काचेआड गेल्या. घरबसल्या विक्री करता येणाऱ्या ॲपमुळे दुकानात माल आणून देणाऱ्यांचा ओघही पूर्वीसारखा राहिलेला नाही.

हा माल नव्याने तयार होत नाही. निन्टेन्डोने फॅमिकॉमचे उत्पादन २००३ साली थांबवले आणि त्याची दुरुस्ती ऑक्टोबर २००७मध्ये बंद केली. जपानचे राष्ट्रीय संसद ग्रंथालय देशातील प्रकाशनांच्या प्रती कायद्याने जमा करून घेते. परंतु सीडी व कॅसेटसारखी इलेक्ट्रॉनिक प्रकाशने त्या कायद्याच्या कक्षेत आली ती २००० साली. फॅमिकॉम, पीसी इंजिन आणि सुपर फॅमिकॉम यांचा जवळजवळ सर्व काळ त्याआधीचा आहे. म्हणजे त्या काळातील गेम सांभाळण्याचे काम पुष्कळ अंशी खासगी संग्राहकांनी आणि या दुकानांच्या फळ्यांनी केले. ही उणीव भरून काढण्यासाठी २०११ साली टोकियोत ‘गेम होझोन क्योकाइ’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. जुन्या जपानी संगणकांवरील गेमचे जतन हे तिचे विशेष क्षेत्र आहे. चुंबकीय डिस्कवरील माहिती काळाबरोबर पुसट होते, त्यामुळे कॅसेटपेक्षा त्यांची निकड मोठी आहे.

परदेशी जाणारा माल जपानला कायमचा दुरावतो, अशी खंत काही जपानी संग्राहक व्यक्त करतात. उलट बाजूने असेही म्हणता येते, की मागणी नसती तर यांतील पुष्कळ वस्तू कचऱ्यात गेल्या असत्या; घर रिकामे करताना खोकेभर कॅसेट टाकून न देता दुकानात नेण्याचे कारण त्यांना मिळणारी किंमत हेच असते.

फॅमिकॉमच्या अनेक कॅसेटच्या मागे मार्करने मुलांची नावे लिहिलेली आढळतात. मित्रांमध्ये कॅसेटची देवघेव चाले, तेव्हा आपली ओळखता यावी म्हणून ती लिहिली जात. दुकानदार अशा कॅसेटच्या चिठ्ठीवर ‘नामाए-काकी’, म्हणजे नाव लिहिलेली, अशी नोंद करतात आणि किंमत कमी लावतात. अशा नावांच्या कॅसेट मुद्दाम जमवून त्या मूळ मालकांना परत करण्याचा एक उपक्रमही जपानमध्ये चालवला जातो.